ब्राउझरचं एक्स्टेन्शन लिनक्सच्या पॅकेजमधून येतं तेव्हा

डेबियन या लिनक्सच्या डिस्ट्रिब्यूशनवर (थोडक्यात डिस्ट्रोवर) टर्मिनल उघडा, 'सुडो एपीटी इन्स्टॉल वेबएक्स्ट-यूब्लॉक-ओरिजिन-फायरफॉक्स' अशी कमांड द्या, पासवर्ड टाका. फायरफॉक्स बंद करून पुन्हा उघडलात की टूलबारच्या बाजूला यूब्लॉक या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचं चिन्ह, त्याची ढाल, येऊन बसलेली असते. तुम्ही फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या अॅड-ऑन स्टोअरवर गेला नाहीत, 'फायरफॉक्समध्ये जोडा' हे बटण दाबलं नाहीत. त्या मशीनवर आणखी चार जणांची खाती असतील, तर त्यांच्याही फायरफॉक्समध्ये ती ढाल आलेली असते.

स्टोअर दोन क्लिकवर असताना हा वेगळा रस्ता कशाला? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. उत्तर द्यायचं तर आधी एक्स्टेन्शन ही काय चीज आहे ते नीट बघायला हवं.

फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन एक्सपीआय फाइलमध्ये येतं. फाइलचं नाव बदलून झिप केलंत तर ती सरळ उघडते. आत काही जावास्क्रिप्ट फाइली, काही चित्रं आणि मॅनिफेस्ट नावाची एक फाइल. माझं नाव काय, आवृत्ती कोणती, मला कोणत्या परवानग्या हव्यात, हे सगळं मॅनिफेस्टमध्ये लिहिलेलं असतं. जाहिराती अडवणाऱ्या किंवा पासवर्ड भरणाऱ्या एक्स्टेन्शनला सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी लागते. त्याशिवाय त्याचं कामच होत नाही. म्हणजे बँकेचं पान, मेल, डॉक्टरांचा रिपोर्ट, जे काही तुम्ही ब्राउझरमध्ये उघडता ते त्या एक्स्टेन्शनला दिसू शकतं.

आज ते एक्स्टेन्शन चांगलं आहे, मान्य. पण स्टोअरमधून घेतलेलं एक्स्टेन्शन स्वतःहून अपडेट होतं, आणि नव्या आवृत्तीला जादा परवानगी लागत नसेल तर तुम्हाला काही विचारलंही जात नाही. परवा रात्री आत काय बदललं हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. द ग्रेट सस्पेंडर हे क्रोमचं लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये मूळ लेखकाने दुसऱ्याच्या हवाली केलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकलं. नॅनो अॅडब्लॉकर ऑक्टोबर २०२० मध्ये विकलं गेलं, आणि नव्या मालकांनी थोड्याच दिवसांत त्यात लोकांची माहिती बाहेर पाठवणारा कोड घातला. डिसेंबर २०२४ मध्ये तर सायबरहेवन या सुरक्षेचंच काम करणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला फिशिंग मेलने फसवून तिच्या क्रोम एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती स्टोअरवर चढवली गेली. ती जेमतेम एक दिवस तिथे होती, तरी तेवढ्यात अनेक ब्राउझरमध्ये आपोआप उतरली.

नॅनोच्या प्रकरणातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. त्याची फायरफॉक्ससाठीची आवृत्ती वेगळीच व्यक्ती सांभाळत होती. विक्री झाली ती क्रोमवाली. फायरफॉक्सवाल्यांना धक्का लागला नाही, कारण मूळ लेखक आणि वापरणारा यांच्यामध्ये आणखी एक माणूस उभा होता.

लिनक्स डिस्ट्रिब्यूशनचं पॅकेज म्हणजे नेमका हा मधला माणूस.

त्याला मेन्टेनर म्हणतात. तो मूळ प्रकल्पाचा सोर्स कोड घेतो, आपल्या डिस्ट्रोच्या नियमांप्रमाणे त्याचं पॅकेज बांधतो आणि रेपॉझिटरीत, म्हणजे डिस्ट्रोच्या पॅकेजांच्या कोठारात, टाकतो. डेबियनचे नियम कडक आहेत. मुक्त परवाना हवा, आणि माणसाला वाचून बदलता येईल असा खरा सोर्स हवा. सगळी मोकळी जागा काढून, चलांची नावं एकेका अक्षरावर आणून दाबलेली जावास्क्रिप्ट, म्हणजे मिनिफाय केलेला कोड, डेबियन सोर्स म्हणून धरत नाही. त्यामुळे एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये कुठूनतरी आणलेली दाबलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) असेल तर मेन्टेनरला तिचा मूळ सोर्स शोधावा लागतो, नाहीतर डेबियनमध्ये आधीच पॅकेज असलेली तीच लायब्ररी तिथे जोडावी लागते. हे काम किचकट असतं आणि बहुतेक जण ते फावल्या वेळात, बिनपैशाने करतात.

मेन्टेनर प्रत्येक ओळ वाचतो का? नाही. तसा दावा कुणी करू नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीत लपवलेलं मागचं दार (चोरून आत शिरायची वाट) उघडकीला आलं, तेव्हा ते डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग शाखांपर्यंत पोचलेलं होतं. स्टेबल शाखेत मात्र पोचलं नव्हतं. पॅकेजची खरी ताकद मला इथे दिसते. नवी आवृत्ती आधी अनस्टेबलमध्ये येते, तिथे काही दिवस राहते, मग टेस्टिंगमध्ये जाते, आणि स्टेबलवाल्यांकडे बहुधा पुढच्या मोठ्या रिलीजलाच पोचते. एका दिवसात चढून उतरलेली विषारी आवृत्ती या चाळणीतून खाली पडणं अवघड आहे.

आता ती कमांड दिल्यावर आत काय घडतं ते जवळून बघू.

एपीटी म्हणजे डेबियनचा पॅकेज मॅनेजर, पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम. पॅकेजांची यादी अपडेट करतानाच ते रेपॉझिटरीची रिलीज फाइल बघतं. तिच्यावर डेबियनच्या चावीने केलेली डिजिटल सही असते. त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या यादीचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) असतो आणि यादीत प्रत्येक डेब फाइलचा, म्हणजे डेबियनच्या प्रत्येक पॅकेजचा. म्हणजे सही एकाच ठिकाणी केलेली असली तरी साखळीने ती तुमच्या मशीनवर उतरलेल्या फाइलपर्यंत पोचते. पडताळणी झाली की एक्स्टेन्शनच्या फाइली यूएसआर-शेअरखालच्या वेबएक्स्ट फोल्डरमध्ये उघड्या मांडल्या जातात. मग यूएसआर-शेअर-मोझिला-एक्स्टेन्शन्स या फोल्डरमधून तिकडे एक सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद) केली जाते. त्या फोल्डरच्या आत महिरपी कंसातल्या लांबलचक क्रमांकाचा आणखी एक फोल्डर दिसेल. तो क्रमांक म्हणजे फायरफॉक्सची ओळख. थंडरबर्ड या मेल प्रोग्रामचा क्रमांक वेगळा आहे, म्हणून मेलची एक्स्टेन्शन्स चुकून ब्राउझरमध्ये घुसत नाहीत. सिमलिंकचं नाव म्हणजे एक्स्टेन्शनची स्वतःची आयडी. ही आयडी आणि मॅनिफेस्टमधली आयडी जुळायलाच हवी.

या सगळ्या फाइली रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य प्रशासकाच्या, मालकीच्या असतात आणि ब्राउझर चालतो तुमच्या खात्यावर, त्यामुळे ब्राउझरला त्या बदलता येत नाहीत. त्या बदलायचा मान फक्त पॅकेज मॅनेजरचा.

फायरफॉक्स सुरू होताना हा फोल्डर चाळतो. पण तिथे सापडलेलं एक्स्टेन्शन चालू करायचं की आधी वापरणाऱ्याला विचारायचं, हे ऑटो-डिसेबल-स्कोप्स नावाच्या सेटिंगवर ठरतं. ती एक साधी बेरीज आहे. प्रोफाइलसाठी (फायरफॉक्स तुमची वैयक्तिक माहिती ठेवतो त्या फोल्डरसाठी) १, वापरकर्त्याच्या फोल्डरसाठी २, फायरफॉक्सच्या स्वतःच्या फोल्डरसाठी ४, सगळ्या सिस्टिमसाठी ८. मोझिलाने ठेवलेला आकडा १५ आहे, म्हणजे चारही ठिकाणी परस्पर येऊन पडलेलं एक्स्टेन्शन आधी बंद. डेबियन आपल्या फायरफॉक्समध्ये तो आकडा ३ करतं. ४ आणि ८ गळले, म्हणून एपीटीने आणलेली ढाल न विचारता चालू होते. विचार सरळ आहे: ज्याने सुडो वापरून, म्हणजे प्रशासकाचा अधिकार घेऊन, हे बसवलं त्याने होकार आधीच दिलेला आहे.

मोझिलाला असं बाहेरून येणारं एक्स्टेन्शन आवडत नाही, आणि त्यामागे जुना कडू अनुभव आहे. एक काळ होता, विंडोजवर कुठलंही फुकट सॉफ्टवेअर टाकलं की त्याच्यासोबत ब्राउझरमध्ये एक टूलबार घुसायचा, होमपेज बदलायचं, आणि काढू म्हटलं तर निघायचा नाही. या प्रकाराला साइडलोडिंग म्हणतात. २०११ मध्ये फायरफॉक्स ८ पासून असं परस्पर आलेलं अॅड-ऑन आधी बंद ठेवून विचारायला सुरुवात झाली. डिसेंबर २०१५ मधल्या फायरफॉक्स ४३ पासून मोझिलाची सही नसलेलं एक्स्टेन्शन नाकारलं जाऊ लागलं, आणि ऑगस्ट २०१६ मधल्या ४८ मध्ये ही अट बंद करायची पळवाटही नेहमीच्या आवृत्तीतून गेली. मार्च २०२० मधल्या ७४ मध्ये साइडलोडिंगच बंद झालं.

मग डिस्ट्रोचं काय? पॅकेज सोर्सपासून बांधलं की मोझिलाची सही उरत नाही, कारण सही मोझिलाने केलेल्या त्या ठरावीक फाइलवर असते. म्हणून डेबियनच्या फायरफॉक्समध्ये एक पॅच (मूळ कोडमध्ये केलेला छोटा बदल) आहे: मोझिलाच्या त्या सिस्टिम फोल्डरांमधून आलेल्या एक्स्टेन्शनला सही नसली तरी चालेल. आणि साइडलोडिंगसाठी मोझिलाने फायरफॉक्स बांधतानाचा एक पर्याय शिल्लक ठेवला आहे, जो डिस्ट्रोवाले चालू करतात. म्हणून हे सगळं डिस्ट्रोने बांधलेल्या फायरफॉक्समध्ये चालतं. तोच फायरफॉक्स मोझिलाच्या साइटवरून टारबॉल (सगळ्या फाइलींचं एकत्र गाठोडं) आणून उघडलात तर हे पॅकेज त्यात चालेल असं धरून बसू नका.

सही एकाच ठिकाणी असण्याचा दुसरा चेहरा मे २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिला. मोझिलाच्या सह्यांच्या साखळीतल्या एका मधल्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातल्या फायरफॉक्समधली एक्स्टेन्शन्स पटापट बंद पडली. कोडमध्ये खोट नव्हती, मुदत फक्त उलटली होती. ज्या फोल्डरला ती सही लागतच नाही तिथल्या एक्स्टेन्शनला अशा मुदतीशी देणंघेणं नसतं. दोन वेगळ्या विश्वासाच्या साखळ्या असण्याचा हा फायदा अशाच दिवशी कळतो.

इथवर वाचून पॅकेजचा रस्ता सरसकट चांगला वाटेल. तसं नाही.

सगळ्यात मोठी अडचण वेगाची. जी चाळणी विषारी आवृत्ती अडवते तीच चांगली आवृत्तीही अडवते. डेबियन स्टेबल साधारण दोन वर्षांनी येतं, आणि एकदा आलं की त्यातल्या आवृत्त्या गोठतात. पण ब्राउझर गोठवता येत नाही, सुरक्षेसाठी तो नवा ठेवावाच लागतो. म्हणून डेबियन स्टेबलमध्ये फायरफॉक्सची ईएसआर, म्हणजे जास्त काळ आधार मिळणारी, आवृत्ती अपवाद म्हणून पुढे सरकत राहते. ब्राउझर पुढे गेला, एक्स्टेन्शन जागच्या जागी. याची झळ २०१८ मध्ये फार लागली. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची, झूल या मोझिलाच्या जुन्या तंत्रावर बांधलेली सगळी एक्स्टेन्शन्स बंद करून फक्त वेबएक्स्टेन्शन या नव्या पद्धतीची ठेवली. डेबियन ९ मध्ये 'झूल-एक्स्ट' अशा नावाने सुरू होणारी ढीगभर पॅकेजेस होती. वर्षभराने ईएसआर ६० त्या स्टेबलमध्ये आली तशी ती मृतवत झाली, आणि नंतरच्या छोट्या रिलीजमधून एकामागून एक काढावी लागली. आजच्या पॅकेजांच्या नावात 'वेबएक्स्ट' असतं ते या बदलानंतरचं.

जाहिराती अडवणाऱ्यांच्या बाबतीत लोक म्हणतात, फिल्टरच्या याद्या (काय अडवायचं त्याचे नियम) तर रोज आपोआप नव्या होतात, मग इंजिन, म्हणजे एक्स्टेन्शनचा स्वतःचा कोड, जुनं असलं म्हणून काय बिघडलं? याद्या नव्या होतात हे खरं. पण यादीतले नवे नियम कधी कधी नव्या इंजिनलाच समजतात. जुनं इंजिन तो नियम मुकाट्याने सोडून देतं आणि तुम्हाला वाटतं एक्स्टेन्शन बिघडलं. आर्च या डिस्ट्रोवर हा त्रास कमी. तिथे फायरफॉक्स-यूब्लॉक-ओरिजिन नावाचं पॅकेज आहे आणि सततच्या अपडेटमुळे ते मूळ प्रकल्पाच्या मागोमाग चालतं. फेडोरात मोझिला-यूब्लॉक-ओरिजिन असं नाव सापडतं. म्हणजे पॅकेज घ्यावं की नाही याचं अर्धं उत्तर तुमची डिस्ट्रो किती वेगाने चालते यातच आहे.

दुसरी अडचण माणसांची. मेन्टेनर थकला, त्याची नोकरी बदलली, तर पॅकेज अनाथ होतं. पॅकेज बघताना मी सगळ्यात आधी चेंजलॉगमधली (बदलांच्या नोंदीमधली) शेवटची तारीख पाहतो. वर्षभर कुणी हात लावला नसेल आणि मूळ प्रकल्प मात्र पुढे गेला असेल, तर ते पॅकेज मी घेत नाही.

क्रोमियमचं, म्हणजे गूगल क्रोम ज्यावर बांधलेला आहे त्या मुक्त ब्राउझरचं, प्रकरण वेगळं आहे आणि मला ते तितकं पटलेलं नाही. डेबियनमध्ये क्रोमियम सुरू करणारी स्क्रिप्ट एका ठरावीक फोल्डरमधली एक्स्टेन्शन्स शोधते आणि 'लोड-एक्स्टेन्शन' या पर्यायाने ती ब्राउझरला देते. हा पर्याय मुळात डेव्हलपरसाठी, उघड्या फोल्डरमधलं एक्स्टेन्शन तपासून बघायला केलेला. क्रोमियममध्ये एक्स्टेन्शनची आयडी ए ते पी यांमधल्या ३२ अक्षरांची असते आणि ती त्याच्या सार्वजनिक चावीपासून निघते. मॅनिफेस्टमध्ये चावी दिलेली नसेल तर फोल्डरच्या पत्त्यावरून आयडी काढली जाते. सेटिंग त्या आयडीला बांधलेली असल्यामुळे पॅकेजने फोल्डर हलवला की तुमची सेटिंग गेली. गूगल क्रोमसाठी निराळी सोय आहे. पॅकेजने एका ठरावीक फोल्डरमध्ये एक्स्टेन्शनच्या आयडीच्या नावाची छोटी जेसन (साध्या मजकुराची) फाइल ठेवायची आणि आत स्टोअरचा अपडेट पत्ता लिहायचा. मग एक्स्टेन्शन शेवटी स्टोअरमधूनच येतं. पॅकेजने फक्त निरोप दिला, कोड तपासला नाही. यात मधला माणूस कुठे राहिला?

क्रोमियम आणि डेबियन यांच्यात या विषयावरून ठिणग्या उडालेल्या आहेत. २०१५ मध्ये डेबियनवाल्यांच्या लक्षात आलं की क्रोमियम ४३ स्वतःहून आवाज ओळखणारा एक बंद बायनरी घटक उतरवून घेतो. सोर्सपासून बांधलेल्या ब्राउझरने गुपचूप बिनसोर्सचा तुकडा आणावा, यावर लोक संतापले आणि ते बरोबरच होतं. २०१७ च्या सुरुवातीला डेबियनच्या क्रोमियममध्ये स्टोअरची एक्स्टेन्शन्सच आपोआप बंद करून ठेवली गेली, वेगळा पर्याय दिल्याशिवाय ती चालत नव्हती. ते लोकांना अजिबात झेपलं नाही आणि मागे घ्यावं लागलं. हेतू चांगला होता, पण वापरणाऱ्याला न सांगता त्याचं चालू काम बंद पाडणं मला कधीच पटणार नाही.

एका ठिकाणी मात्र डिस्ट्रोचं पॅकेज वादातीत कामाचं आहे. काही एक्स्टेन्शन्सचा अर्धा भाग ब्राउझरच्या बाहेर असतो. ग्नोम शेल या डेस्कटॉपची एक्स्टेन्शन्स वेबवरून बसवणारा कनेक्टर, प्लाझ्मा डेस्कटॉपचं ब्राउझर इंटिग्रेशन, टर्मिनलमधल्या पासवर्ड साठ्याशी बोलणारं ब्राउझरपास, ही त्याची उदाहरणं. ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन बाहेरच्या प्रोग्रामशी नेटिव्ह मेसेजिंग नावाच्या पद्धतीने बोलतं. त्यासाठी एका ठरावीक फोल्डरमध्ये एक छोटी फाइल लागते: हा प्रोग्राम इथे आहे आणि या आयडीच्या एक्स्टेन्शनलाच त्याच्याशी बोलायची मुभा आहे. स्टोअर तुमच्या यूएसआर फोल्डरमध्ये असला प्रोग्राम ठेवू शकत नाही, तो पॅकेजनेच यायला हवा. दोन्ही अर्धे एकाच रेपॉझिटरीतून आले तर त्यांच्या आवृत्त्याही जुळवून ठेवता येतात.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक, म्हणजे प्रोग्राम त्याच्या स्वतःच्या पेटीत बंद करून देणारी पॅकेजेस, आल्यापासून हे सगळं गुंतलं आहे. उबुंटू या डिस्ट्रोने २०२१ च्या २१.१० आवृत्तीपासून फायरफॉक्स स्नॅपमध्ये दिला आणि २२.०४ मध्ये त्याचं डेब पॅकेज नावापुरतं उरलं. स्नॅपमधला ब्राउझर आपल्या पेटीत बंद असतो. त्याला दिसणारा यूएसआर फोल्डर त्याच्या पेटीतला असतो, तुमच्या सिस्टिमचा नाही. एपीटीने वेबएक्स्ट पॅकेज व्यवस्थित बसतं, कुठलीही चूक दाखवत नाही, आणि ब्राउझरमध्ये काहीच उगवत नाही. याने भल्याभल्यांना अर्धा दिवस घालवायला लावला आहे. नेटिव्ह मेसेजिंगही सुरुवातीला याच भिंतीवर अडलं होतं.

तिथे, किंवा डझनभर मशीन्स सांभाळायची असतील तेव्हा, पॉलिसीचा, म्हणजे ब्राउझरला नियम लिहून देण्याचा, रस्ता बरा. इटीसी-फायरफॉक्स-पॉलिसीज या फोल्डरमध्ये पॉलिसीजची जेसन फाइल ठेवायची. आत एक्स्टेन्शनची आयडी, ते कुठून आणायचं तो पत्ता, आणि सक्तीने बसवायचं की नुसतं बसवून द्यायचं ते लिहायचं. ही फाइल स्नॅपमधला फायरफॉक्सही वाचतो. पत्ता स्टोअरचा देता येतो, नाहीतर तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलेल्या, सही असलेल्या एक्सपीआयचा. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो. सही मोझिलाची राहते आणि नवी आवृत्ती कधी पुढे सोडायची हे तुमच्या हातात येतं. फाइल छोटी असल्यामुळे तिचंच एक पॅकेज करून सगळ्या मशीन्सवर पाठवता येतं.

माझा स्वतःचा हिशोब असा. ज्याला सगळी पानं वाचायची परवानगी लागते, जे अनेक जण वापरणार आहेत, आणि ज्याचं पॅकेज डिस्ट्रोत नीट सांभाळलेलं आहे, ते पॅकेजमधून. दर आठवड्याला बदलणारं, एखाद्याच वेबसाइटपुरतं, फक्त मला लागणारं, ते स्टोअरमधून. क्रोम वापरणाऱ्याला मी पॉलिसीकडे पाठवतो.

दोन्हीकडून एकच एक्स्टेन्शन घेतलं जाणार नाही याची मात्र काळजी घ्या. एपीटीने ढाल बसवली, आणि घरातल्या कुणीतरी कधीतरी स्टोअरमधूनही तीच बसवलेली असेल, तर दोन्हींची आयडी एक असल्यास फायरफॉक्स प्रोफाइलमधली प्रत चालवतो. पॅकेजची प्रत डिस्कवर शांत पडून राहते. एपीटी अपग्रेडमध्ये नवी आवृत्ती आलेली दिसते, तुम्ही निश्चिंत होता, आणि ब्राउझरमध्ये चालते दुसरीच.

कोणती प्रत चालू आहे हे ओळखायला अॅड-ऑनचं पान उघडा आणि त्या एक्स्टेन्शनसमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करा. 'काढून टाका' हा पर्याय चालत असेल तर ती प्रोफाइलमधली प्रत आहे, बहुधा स्टोअरची. ती काढून ब्राउझर पुन्हा सुरू केलात की पॅकेजची प्रत तिच्या जागी येते. काढता येत नाही पण बंद करता येतं, तर ती बहुधा पॅकेजची (पॉलिसीने सक्तीविना नुसती बसवलेली प्रतही अशीच दिसते). आणि बंदही करता येत नसेल, तर कुणीतरी पॉलिसीने ती सक्तीने बसवली आहे. तशी फाइल तुम्ही स्वतः ठेवलेली नसेल, तर इटीसी फोल्डर उघडून ती कुणी ठेवली ते आजच शोधा.